मोजून बारा

४ डिसेंबर १९८६, गुरुवार

॥ श्री ॥
सकाळी आठच्या आत पुंडलिकनगरातल्या नव्या घरात दूध उतू घातलं. देवांना कोनाडा मिळाला, तोही पूर्वेकडं तोंड करून. अंबडच्या घरात देव उत्तरेला बघायचे, ते माझ्या मनाला नऊ वर्षं टोचत होतं. दोन खोल्या, मागं न्हाणी, अंगणात नळ. पाणी एक दिवसाआड येतं पण धार चांगली आहे. यांचं ऑफिस सायकलीनं वीस मिनिटांवर. रोजनिशीसाठी नवी वही घेतली नाही. हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरीच राहतात, त्यांवर लिहीन.

दुपारी समोरच्या सारजाबाई धपाटे आणि वाटीभर दही घेऊन आल्या. आवाज मोठा, मन मोकळं. आल्या तशा चुलीपासून मोरीपर्यंत सगळं घर बघून घेतलं. मग, शिकलात किती म्हणून विचारलं. मॅट्रिक म्हटल्यावर कपाळाला हात लावून म्हणाल्या, अगं बाई, मग इतके दिवस अंबडात काय लपून बसला होता व्हय? आमच्या भजनी मंडळात एकीला धड यादी करता येत नाय. जाताना मला मॅट्रिकबाई असं नावच देऊन गेल्या. लेकीच्या लग्नानंतर इतकी आजच हसले.

१४ डिसेंबर, रविवार

मंडळ दर संक्रांतीनंतर एक दिवसाची सहल काढतं. हर्सूलची देवी झाली, अजिंठ्याची लेणी झाली. यंदा सारजाबाईंनी बोरजाईची टेकडी काढली. त्यांचं माहेर जुनं बोरखेडं. पैठणच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा गाव उठून काठावर आलं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. देवीची टेकडी तेवढी वर राहिली, चारी बाजूंनी पाणी. आता ते बेटच झालंय. होडीनं जायचं, पायी चढायचं, सवाष्णींनी देवीची ओटी भरायची, जेवायचं आणि दिवसाउजेडी परत यायचं. वाट दाखवायला तिथला कडूबा म्हणून मासे धरणारा आहे.

आखणी माझ्याकडं दिली. सगळ्यांसमोर दिली म्हणून जरा अभिमान वाटला, तो वाटू नये म्हणून संध्याकाळी मारुतीला जाऊन आले.

भजनाला भागूबाई नावाची एक बाई दाराशी बसते. बाविसाव्या वर्षी विधवा झालेली. मागच्या गल्लीत आबेदाबी शिवणकामवालीच्या भिंतीला लागून एका खोलीत राहते, पापड-शेवया करून देते. तिचा आवाज सगळ्यांत गोड, पण पुढं कधी बसत नाही. घरी जाताना ती माझ्यामागं आली आणि विचारलं, ताई, मी आले तर चालंल का? मी होडीत कधी बसले नाय. मी म्हटलं, चालेल की, त्यात काय.

२८ डिसेंबर, रविवार

आधी बघून आल्याशिवाय मी कुणाला नेणार नव्हते. हे आणि मी बिडकीनच्या एस.टी.नं गेलो, पुढं चालत. कडूबा भेटला. पन्नाशीचा, काटक, बोलायला थोडा. होडी डांबर लावलेली आणि कोरडी आहे.

टिपण: काठापासून टेकडी होडीनं वीस मिनिटं. उतरायला सपाट खडक. तिथून बोरींच्या झुडपांतून चढ, बायकांच्या चालीनं पाऊण तास. अर्ध्यावर चिंच आहे, तिथं विसावा घ्यायचा. माथ्यावर देऊळ, पुढं पटांगण, मागं कातळाचा आडोसा. नागमोडी पायवाट आहे, चुकण्यासारखं काही नाही. पाण्यावर परदेशी पाखरांचे थवे होते. इतकं सुंदर ठिकाण मी आजवर पाहिलं नाही. साडेनऊला चढायला लागलं तर बाराला ओटी, एकला जेवण, साडेतीनला उतरायला सुरुवात.

कडूबानं एक गोष्ट सांगितली, तीही टिपून ठेवते. टेकडीवर डोकी मोजायची नाहीत. भांडी मोजा, नारळ मोजा, माणसं नाय. त्यांच्या गावच्या बायका जोडीनं वर जायच्या. जिनं तिनं आपली जोडीदारीण धरायची, निघताना आपापली जोडीदारीण तोंड बघून ओळखायची, मग होडी सोडायची. मी विचारलं, मोजलं तर काय होतं? तो म्हणाला, टेकडी आकडा भरून देती, बाई. बारा म्हटलं की बारा देती. कुठल्या बारा, ते बघत नाय. हे हसले. कडूबा हसला नाही. गाव उठलं तवाबी डोकी बरोबर भरली होती, एवढं बोलून विडी पेटवायला खाली बसला.

जोड्यांची पद्धत चांगली आहे, ती ठेवू. पण न मोजता जबाबदारी कशी घ्यायची? मनातल्या मनात मोजलं तर कुणाला कळतंय.

६ जानेवारी १९८७, मंगळवार

यादी झाली. मला धरून सवाष्णी अकरा, आणि भागूबाई. बारा जणी, म्हणजे सहा जोड्या बरोबर.

जोड्या लावताना पाच पटापट लागल्या. भागूबाईचं नाव आलं आणि सगळ्या आपापल्या बांगड्या बघायला लागल्या. ओटी भरायला जाताना विधवेचा हात कोण धरणार? भागूबाई दाराशीच बसली होती, फरशीवर बोटानं रेघा ओढत. शेवटी सारजाबाई हसून म्हणाल्या, मॅट्रिकबाई, तुम्ही आणली, तुम्हीच धरा तिचा पदर. सगळ्या हसल्या. मी म्हटलं, धरीन. देवाशपथ, तेव्हा खरंच मनापासून म्हटलं होतं.

१७ जानेवारी, शनिवार

अकरा ओट्या बांधल्या: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाच्या पुड्या, बदाम-खारका. पुऱ्या, बटाट्याची भाजी, तिळाच्या वड्या. भागूबाई दिवसभर हाताखाली होती. शंभरावर पुऱ्या लाटल्या, एकही फुगल्याशिवाय राहिली नाही. तिनं उद्यासाठी पांढरं लुगडं धुऊन आबेदाबीच्या इस्त्रीनं कडक केलंय. मी म्हटलं, लग्नाला निघाल्यासारखी तयारी चाललीय तुमची. तर लाजली.

१९ जानेवारी, सोमवार, सकाळ

काल थकून लिहिता आलं नाही. सहल पार पडली. सगळं आखल्याबरहुकूम झालं, फक्त निघताना घाई झाली.

मेटाडोर सातला निघाला. होडीत भागूबाई माझ्याशेजारी बसली, पाण्यात बोटं सोडून. लहान पोरीसारखी. चढताना मी तिचा हात धरला होता. माथ्याजवळ सारजाबाईंनी मागं वळून आमच्या हातांकडं बघितलं. मी हात सोडला. भागूबाईला म्हटलं, ओटी होईपर्यंत देवळामागं कातळाशी बसा. मी हाक मारते, मग पुढं या. ती म्हणाली, व्हय ताई, तुमच्या हाकंबिगर मी उठत नाय.

ओटी छान झाली. एकमेकींना कुंकू लावलं. जेवणं झाली. तिचं पान मीच मागं नेऊन दिलं. तीनलाच वारा सुटला. खालून कडूबा हाका मारायला लागला, लाटा वाढायच्या आत निघा म्हणून. भांडी, चपला, पिशव्या, सगळी पळापळ. सगळ्यांनी डोक्यावरून पदर घट्ट लपेटलेले, ऊन डोळ्यांवर येत होतं. उतरून होडीत बसल्यावर कडूबा म्हणाला, आपापल्या जोड्या बघा. मी म्हटलं, मी मोजल्यात. बारा आहेत. सोड.

मेटाडोरमध्ये शेजारी कोण बसली होती बघितलं नाही, तिचा ओला पदर माझ्या हाताला लागत होता. तिन्हीसांजेला एकेक जण आपापल्या कोपऱ्यावर उतरली.

दुपारी

आबेदाबी आली होती. भागूबाईची खोली कालपासून बंद आहे म्हणते. आपके साथ गई थी ना?

२० जानेवारी, मंगळवार

भागूबाईचा पत्ता नाही. सारजाबाई म्हणाल्या, बिडकीनला बहीण राहते, येताना तिथं उतरली असेल, सांगायची रीत नाय तिला. त्यांचे मालक नानासाहेब चौकशीला गेले. बहिणीकडं नाही. मग चौकीवर कळवलं. नानासाहेबांनी मला विचारलं, होडीत बसली होती हे नक्की? मी म्हटलं, नक्की. बारा मोजल्या. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मी खाली सही केली: सौ. मनकर्णा.

आता शोध बिडकीनला, स्टँडवर आणि हमरस्त्यानं चाललाय. टेकडीकडं कुणी गेलं नाही. कशाला जातील?

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी देवांना कुंकू लावताना हात तिथंच थांबला.

मी होडीत तोंडं बघितलीच नव्हती. पदरांमुळं तोंडं दिसत नव्हती. मी कपाळावरचं कुंकू मोजलं. माझं धरून बारा.

सवाष्णी अकराच होत्या.

तीनदा मांडून बघितलं. अकरा ओट्या, अकरा खण, अकरा कुंकवं. भागूबाईचं कपाळ रिकामं. ती त्या बारांत नव्हती. ती देवळामागं बसली आहे. मी हाक मारलीच नाही.

आज चौथा दिवस.

नानासाहेबांकडं जाऊन सांगायला हवं. दारापर्यंत जाऊन आले. काय सांगू? सही मी केली आहे. आणि मग मंडळातल्या सगळ्या विचारतील, बारावी कोण होती? सारजाबाई विचारतील, तुम्ही धरणार होतात ना तिचा पदर?

उद्या सकाळी सांगते. आंघोळ करून, देवापुढं दिवा लावून, सांगतेच.

२२ जानेवारी, गुरुवार

सांगायची गरज उरली नाही. भागूबाई आली.

सकाळीच सारजाबाई ओरडत आल्या, अहो मॅट्रिकबाई, आली तुमची जोडीदारीण! लांबच्या नात्यातल्या कुणाकडं राहिली म्हणे. नानासाहेब तिच्यावर चिडले, मग हसले, मग साखर वाटली. मी देवापुढं डोकं टेकून रडले. कुंकवाचं मला चुकीचं आठवत असेल. सवाष्ण एखादी जास्त असेल, कुणाची जाऊ आली असेल ऐनवेळी.

संध्याकाळी भेटायला गेले. ती उंबऱ्याकडं पाठ करून बसली होती. लुगडं तेच, कडक. हाक मारली तशी वळली. भागूबाईच. तेच नाक, तीच हनुवटी. मी माफी मागितली. ती हसली. कपाळ खसखसून धुतल्यासारखं लाल होतं आणि मधोमध एक गोल डाग, पुसूनही न गेलेला.

मी घरी आले. स्वयंपाक केला. यांना म्हटलं, ठीक आहे ती.

२३ जानेवारी, शुक्रवार

भजन होतं. ती आली. दाराशी नाही, पुढं, सवाष्णींच्या मधोमध बसली. कुणाला वेगळं वाटलं नाही.

तोंड हलत होतं. आवाज नव्हता. तिचा आवाज मला शंभरात ओळखू येतो.

कुणाला सांगितलं तर म्हणतील, बाई समोर बसलीय आणि तुम्ही कुणाला शोधायला जाता? कागद फाडून टाकला नानासाहेबांनी. मी सुटले. गप्प बसले तर मी सुटले — देवा, हे मी लिहिलं, आणि लिहिताना मला बरं वाटलं.

२४ जानेवारी, शनिवार

आबेदाबी दुपारी आली, दार लावून घेतलं. हळू आवाजात म्हणाली, बाई, वो भागूबाई नही है. तिनं आल्यापासून पाण्याचा थेंब घेतला नाही, मटका भरा का भरा. चूल पेटली नाही. रोज सकाळी भागूबाई भिंतीवर दोनदा थाप मारून हिला उठवायची, नमाजासाठी. आता भिंतीला कान लावला तर पलीकडं नुसतं पाणी हलल्यासारखं वाजतं.

मी तिला सगळं सांगितलं. जिला सांगितलं अशी ही पहिलीच. तिनं उठून खिडकीही लावली. मग म्हणाली, तो फिर वो बिचारी वहीं बैठी है, आपकी आवाज के वास्ते.

यांना सांगितलं. हे म्हणाले, तुला विश्रांती पाहिजे. उद्या-परवा डॉक्टरांकडं जाऊ.

२५ जानेवारी, रविवार

कडूबा मासे घेऊन बाजाराला आला होता, पत्ता शोधत इथं आला. विचारत होता, वर कोण राहिलंय का? चार दिवस झाले टेकडीवर सकाळी धूर दिसतो. कोळ्यांतलं कुणी वर जाईना. काल धूर बारीक होता.

धूर. म्हणजे जिवंत आहे.

त्यालाही सांगितलं, कपाळावरचं कुंकू मोजलं तेही. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. तुम्हाला सांगितलं हुतं बाई. एवढंच.

उद्या सकाळी नेतो म्हणाला. तो वर येणार नाही, होडीपाशी थांबेल. तिला शोधायची, हात धरायचा, सोडायचा नाही, तशाच खाली यायचं. दोघी हात धरून येऊन बसल्या की तो होडी सोडणार, मागं बघणार नाही.

ही वही बरोबर घेते. भागूबाईची सही घेईन, तारीख घालून. नाहीतर कोण विश्वास ठेवणार, ती इथं असताना.

२६ जानेवारी, सोमवार

हे झेंडावंदनाला गेले. मी निघताना भागूबाईची खोली उघडी होती. आत कुणी नव्हतं. आबेदाबी म्हणाली, उजाडायच्या आधीच गई.

टेकडी, सकाळी अकराच्या सुमाराला

भागूबाई सापडली. जिवंत आहे. देवळामागं, त्याच कातळाशी. ओठ फुटलेत, पायांना काटे. आमच्या ओट्यांवर जगली. नारळ फोडले, तांदूळ करवंटीत शिजवले, देवळातल्या काडेपेटीवर. प्यायला धरणाचं पाणी. मला बघताच आधी रडली आणि म्हणाली, ताई, सवाष्णींच्या ओट्या खाल्ल्या, पाप लागंल का? मी तिचे पाय धरले.

त्या दिवशी आमचा गलबला ऐकला होता तिनं. पण मी हाक मारली नव्हती, म्हणून उठली नाही. शांत झाल्यावर आली तर होडी पाण्यात लांब. ओरडली. वारा उलटा होता.

मग विचारलं, मला कुणी मोजलं नाय का?

मी वही काढून सही घेतली. अक्षर वेडंवाकडं, पण केली. खाली दिसते आहे ती तिचीच सही. भागूबाई. आज, २६ जानेवारी. हात धरलाय. डाव्या हातानं धरलाय, उजव्यानं लिहिते. आता उतरतो.

चिंचेपाशी

होडी दिसते आहे इथून. कडूबा उभा आहे. आणि दोन बायका खडकावरून होडीत बसतायत —

हात धरून. एकमेकींचा हात धरून. एकीचं लुगडं पांढरं, कडक.

दुसरीचं माझं. आत्ता माझ्या अंगावर आहे तेच.

ओरडले. वारा उलटा आहे. भागूबाई म्हणते, नका ओरडू ताई, मी लई ओरडले. धावता येत नाही, हिचे पाय — हात सोडला तर पोचेन कदाचित. एकटी पोचेन. हात सोडला तर —

नाही सोडला.

सोडली त्यानं होडी. मागं बघत नाही. दोघी आहेत, बरोबर आहे, दोघीच यायच्या होत्या —

ती वळली. माझं तोंड आहे. कुंकू ओलं आहे, नाकावरून खाली —

हे घरी आले असतील. संध्याकाळी कडी वाजेल. हे विचारतील, आलीस का. आणि ती —